तोंडी परीक्षेत पोरांना तोंड कधी उघडू देणार?

दहावीच्या इंग्रजीचा लेखी पेपर 80 मार्कांचा आणि उरलेले 20 शाळेच्या हातातले, तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. या विसापैकी अठरा-एकोणीस कसे पडतात हे पोरांना माहीत आहे, पालकांना माहीत आहे आणि बोर्डाला माहीत नसेल असं मानायला मी तरी तयार नाही. पोरगं टेबलासमोर उभं राहतं, पाठ केलेली कविता नाहीतर 'माय फेवरेट फेस्टिव्हल'ची पाच-सहा वाक्यं एका दमात म्हणून टाकतं, सर वर न बघता 'नेक्स्ट' म्हणतात, झाली तोंडी. काही ठिकाणी तेवढाही त्रास घेत नाहीत, लेखीत किती पडतील याचा अंदाज बांधून स्टाफरूममध्येच रकाना भरला जातो.

2018-19 ला सरकारने भाषा आणि समाजशास्त्राचे हे 20 मार्क काढून टाकले होते, आठवत असेल. आधीच्या वर्षी 89.41 टक्के लागलेला दहावीचा निकाल 2019 ला 77.10 वर आला. नवा अभ्यासक्रमही त्याच वर्षी आला होता, त्यामुळे सगळं खापर तोंडीवर फोडता येत नाही, पण आरडाओरडा एवढा झाला की पुढच्याच वर्षी 80-20 परत आणलं. त्या सगळ्या गदारोळात चर्चा काय झाली तर अकरावीच्या ॲडमिशनला बाकीच्या बोर्डाची पोरं पुढे जाणार, आपल्या पोरांवर अन्याय होणार. ते खरंही होतं. पण या वीस मार्कांत नक्की काय तपासायचं, पोराला बोलता येतं का हे कुणी बघतंय का, यावर मला तरी कुठे धड वाक्य वाचायला मिळालं नाही. मार्क परत आले, तोंडी काही परत आली नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या विसातले निदान दहा मार्क रोल-प्लेवर, म्हणजे भूमिका घेऊन बोलण्यावर द्या, आणि रोल-प्ले म्हणजे खरा रोल-प्ले, आपल्याकडे त्या नावाखाली जे चालतं ते नाही.

आपल्याकडे काय चालतं ते सांगतो. केंद्रप्रमुख येणार असतात, किंवा गॅदरिंग असतं. वर्गातल्या दोन हुशार मुली निवडल्या जातात, कायम त्याच दोघी. एक डॉक्टर, एक पेशंट. संवाद बाईंनी लिहून दिलेला. 'गुड मॉर्निंग डॉक्टर.' 'गुड मॉर्निंग, व्हॉट हॅपन्ड टू यू?' 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर.' गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप, टाळ्या, फोटो, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर, खाली अंगठे. बाकीची पन्नास पोरं भिंतीला टेकून बघत असतात. आता त्या पेशंट झालेल्या मुलीला मध्येच विचारा की ताप कधीपासून आहे, ती गप्प होणार, कारण तो प्रश्न संवादात नव्हता. डॉक्टर काय विचारणार हे पेशंटला चार दिवस आधीपासून माहीत असेल तर याला बोलणं कसं म्हणायचं? हे पाठांतरच आहे, फक्त दोघींनी वाटून घेतलेलं.

बीएडच्या पाठ टाचणातसुद्धा 'रोल-प्ले पद्धत' असा छान रकाना असतो, सराव पाठाला एकदा करून दाखवायचा, निरीक्षकांचा शेरा मिळाला की पद्धत फाईलमध्ये.

मुळात बोलणं कधी होतं? समोरच्याकडे असं काहीतरी असतं जे मला माहीत नाही आणि मला ते हवं असतं. अजिंठ्याला फर्दापूरच्या बाजूला दगड, स्फटिक, मण्यांच्या माळा विकणारे विक्रेते बघा. समोर परदेशी पाहुणा आला की भाव सांगणं, घासाघीस, 'मॅडम, ओन्ली फॉर यू', 'लास्ट प्राईस यू टेल', सगळं बिनबोभाट चालतं. त्यांचं व्याकरण तपासायला गेलात तर लाल पेन संपेल, पण गिऱ्हाईक हलत नाही जागचं. नांदेडला हुजूर साहिबला कॅनडा-इंग्लंडहून भाविक येतात, त्यांच्याशी रिक्षावाले जमवून घेतात. त्यांच्याकडून कुणी क्रियापदाची रूपं आधी घोकून घेतली नव्हती. तिकडे समोरच्याला मराठी येत नाही आणि धंदा तर करायचाय, एवढी एक अडचण पुरली. ही अडचण वर्गात तयार करायची, बस, रोल-प्ले म्हणजे एवढंच.

यातलं शास्त्र आपल्याच देशात सापडलंय हे गमतीशीर आहे. इंग्रजी कसं शिकवायचं याचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगलोर-मद्रासकडच्या शाळांमध्ये प्रयोग केला, जगभर तो बंगलोर प्रोजेक्ट म्हणून ओळखला जातो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून पोरांना इंग्रजीतून सोडवायची कामं द्यायची. रेल्वेचं वेळापत्रक समोर ठेवायचं आणि अमुक वाजता तिथे पोचायचंय तर कुठली गाडी धरू, असली. प्रभूंनी या कामांचे प्रकार सांगितले, एकाकडे माहिती आहे आणि दुसऱ्याकडे नाही तो एक, दिलेल्या माहितीवरून डोकं लावून काहीतरी काढायचंय तो दुसरा, आणि प्रत्येकाचं मत वेगळं असतं तो तिसरा. मधली फट महत्त्वाची. दोघांनाही सगळं माहीत असेल तर तोंड उघडायचं कारणच उरत नाही. आमच्या डॉक्टर-पेशंटमध्ये ही फटच नसते.

आता काही जण म्हणतील, पोरांना भरपूर ऐकवा, इंग्रजी कार्टून दाखवा, बोलणं आपोआप येईल. तसं होत नाही याचा मोठा पुरावा कॅनडातला आहे. तिथे 1965 पासून इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या पोरांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायचे वर्ग सुरू झाले. कित्येक वर्षं रोज फ्रेंच कानावर पडल्यावर पोरांना समजायला लागलं अगदी फ्रेंच पोरांइतकं, पण बोलताना आणि लिहिताना ती मागेच राहिली, चुकाही राहिल्या. 1985 मध्ये मेरिल स्वेन या तिथल्या भाषातज्ज्ञ बाईंनी यावर बोट ठेवलं की ऐकणं पुरत नाही, बोलावं लागतं, कारण बोलायला गेल्यावरच आपल्याला काय येत नाही ते कळतं. आपल्याकडच्या सेमी-इंग्लिश आणि गल्लीतल्या इंग्लिश मीडियमच्या पोरांचं वेगळं काय आहे? विज्ञान-गणित इंग्रजीत, वह्या इंग्रजीत, आणि पाहुण्यांसमोर 'बोल की रे इंग्लिशमध्ये' म्हटलं की बाळ आईच्या मागे.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. केवढा वाद झाला होता, मराठीचं काय होणार म्हणून. ती पहिली बॅच 2010 ला दहावी झाली, आज ती माणसं तिशीत आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पुढे पुण्यात येऊन पुन्हा स्पोकन इंग्लिशचे क्लास लावले, तीस दिवसांत फाडफाड वगैरे. दहा वर्षं इंग्रजी विषय शिकूनही बोलण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात याचं आपल्याला काहीच वाटेनासं झालंय. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत 2023 ला ग्रामीण भागातली 14 ते 18 वयाची साधारण 57 टक्के पोरं इंग्रजीतली वाक्यं वाचू शकत होती, तो देशभरातल्या निवडक जिल्ह्यांचा आकडा आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त जणांकडे थोडाफार माल आहे. बोलता किती जणांना येतं हे त्यात विचारलेलंच नाही, आणि आपली शाळाही विचारत नाही.

आणि विचारते ते कसं? कागदावर. कृतिपत्रिकेत संवाद लिहायला येतो. बारावीला तर अमक्या माणसाची मुलाखत घ्यायचीय, आठ-दहा प्रश्न तयार करा असा प्रश्न असतो. पोरं गाईडमधले प्रश्न पाठ करतात, व्हॉट इज युवर मेसेज टू द यूथ हा शेवटचा ठरलेला, मग तो माणूस शेतकरी असो नाहीतर क्रिकेटर. मुलाखत घ्यायचे प्रश्न येतात आणि मुलाखत घेता येत नाही. पुढे हिंजवडीत नाहीतर चाकणला खऱ्या मुलाखतीला बसल्यावर 'मायसेल्फ अमुक तमुक, आय बिलाँग्स टू' पासून सुरू केलेलं पाठांतर एचआरने मध्येच थांबवलं की संपलं सगळं.

खरा रोल-प्ले कसा दिसतो ते मी ज्या वर्गात बघितलं ते सांगतो. नववीचा वर्ग, तालुक्याच्या गावचा. पोस्टकार्डाएवढे दोन कागद. एकावर लिहिलेलं, तू दोन आठवड्यांपूर्वी या दुकानातून मोबाईल घेतलास, तो चार्ज होत नाही, बिल हरवलंय, तुला बदलून हवाय. दुसऱ्यावर, तू दुकानदार आहेस, मालकाने सांगितलंय सात दिवसांनंतर बदलून द्यायचा नाही, पण गिऱ्हाईक तुटता कामा नये, आणि या गिऱ्हाइकाला मराठी-हिंदी येत नाही. एकमेकांचा कागद बघायचा नाही. दोन मिनिटं विचार करा, सुरू. सगळा वर्ग एकदम, जोड्या-जोड्यांनी. आधी नुसतं हसणं, मग कुजबुज, मग हळूहळू आवाज चढला. मी एका जोडीजवळ उभा होतो. मुलगी म्हणाली, 'धिस मोबाईल नो चार्जिंग.' पोरगा म्हणाला, 'बिल?' ती अडखळली, वर बघितलं, 'बिल इज... लॉस्ट. बट यू नो मी! आय कम हिअर एव्हरी डे!' पोरगा खरोखर गडबडला. त्याच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. थोडं थांबून म्हणाला, 'आय नो यू, बट माय बॉस नॉट नो यू.'

हे वाक्य कुठल्याही गाईडमध्ये नाही. व्याकरण चुकलंय, पण दोघंही बोलत होते, एकमेकांचं ऐकून बोलत होते, आणि पोराने तर गिऱ्हाईक न दुखावता नकार कसा द्यायचा हे तिथल्या तिथे काढलं. बाई मध्ये पडल्या नाहीत, फक्त वहीत काहीतरी टिपत होत्या. संपल्यावर नाव न घेता चार वाक्यं फळ्यावर लिहिली, 'माय बॉस डझन्ट नो यू' त्यातलंच एक, आणि सांगितलं आता जोडीदार बदला आणि पुन्हा करा. दुसऱ्या वेळी त्याच पोरांना शब्द लवकर सापडत होते, फळ्यावरचं 'डझन्ट' कुणी कुणी वापरत होतं, आणि एका दुकानदाराने तर सर्व्हिस सेंटरचा पत्ता देऊन चहाही विचारला. व्याकरण शिकवायला जागा आहेच, पण भूक लागल्यावर वाढलेलं पोटात जातं.

तमाशातला जुना वग असाच उभा राहायचा. लिहिलेली संहिता नसायची, कथेचा सांगाडा ठरलेला, बाकी सोंगाड्याने समोरच्याचं वाक्य झेलायचं आणि परत फेकायचं. हजरजबाबी सोंगाड्यावर वग तरायचा. ज्या मातीत माणसं रात्र-रात्र न लिहिलेले संवाद बोलली तिथे शाळेतला रोल-प्ले मात्र शब्दाशब्दाने लिहून पाठ करून घेतला जातो याची मला खरंच मजा वाटते.

सोंगाचा अजून एक फायदा आहे. आपल्याकडे इंग्रजीची भीती ही नुसती भाषेची नाही, हसं होण्याची आहे. गावाकडचा उच्चार काढला की मागच्या बाकावरून खसखस, पुण्या-मुंबईत आलं की हॉस्टेलवर नक्कल. कोण कुठल्या घरातून आलंय हे इंग्रजीच्या पहिल्या वाक्यातच ओळखलं जातं आणि पोरं म्हणून पहिलं वाक्यच बोलत नाहीत. दुकानदाराचं सोंग घेतलं की चूक दुकानदाराची होते. एरवी हजेरीला 'येस मॅडम' सुद्धा पुटपुटणारी पोरं चिडलेलं गिऱ्हाईक झाली की टेबलावर हात आपटतात. अर्थात सगळीच नाही. काहींना चारचौघांत उभं करणं ही शिक्षाच असते, म्हणून जोड्यांनी बसल्या जागी, प्रेक्षक नकोतच. पोरांना रोल-प्लेची नाही, स्टेजची भीती वाटते, आणि आपण दोन्ही एकच समजतो.

हल्ली मोबाईलवर एआयशी इंग्रजीत गप्पा मारता येतात, तो हसत नाही, कंटाळत नाही. ज्याच्याकडे फोन आणि नेट आहे त्याने जरूर माराव्यात. पण तो फारच समजूतदार असतो हो, अर्धं वाक्य बोललं तरी पुढचं समजून घेतो. बँकेतला क्लार्क तसा नसतो.

आता आक्षेप, कारण ते खरे आहेत. पहिला, वर्गात साठ पोरं. मान्य. पण साठ पोरांना एकेक करून उभं करत बसलात तरच अडचण आहे, तीस जोड्या एकदम बोलल्या तर पाच मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला निदान दोन मिनिटं बोलणं येतं, एरवी वर्षभरात तेवढं येत नाही. दंगा होतो, शेजारच्या वर्गाचे सर येऊन दारात उभे राहतात, मुख्याध्यापक विचारतात काय चाललंय. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बोलायच्या तासालाही हाताची घडी तोंडावर बोट.

दुसरा आक्षेप, पोरं लगेच मराठीत घुसतात. घुसणारच. म्हणून समोरच्याला मराठी येत नाही हे कार्डातच पाहिजे आणि ते पटेल असं पाहिजे. एसटी कंडक्टर आणि गावातला प्रवासी इंग्रजीत कशाला बोलतील? पण चेन्नईहून आलेला माणूस चुकीच्या गाडीत बसला असेल तर बोलावं लागेल. पुस्तकातले एअरपोर्ट आणि फाईव्ह स्टार हॉटेलचे प्रसंग सुरुवातीला तरी नकोत, ज्याने विमानतळ बघितला नाही त्याची अर्धी ताकद चेक-इन म्हणजे काय हे समजण्यातच जाते.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, की पोरं एकमेकांचं चुकीचं इंग्रजी ऐकून तेच पक्कं करतील. खुद्द प्रभूंना ही धास्ती होती, त्यांनी आपल्या प्रयोगात पोरांना गटात सोडणं मुद्दाम टाळलं होतं. मी त्यांचा एवढा दाखला दिला आणि इथे मात्र त्यांच्याशी सहमत नाही. कारण आपल्या पोरांसमोरचा पर्याय चुकीचं इंग्रजी की बरोबर इंग्रजी असा नाहीच, चुकीचं इंग्रजी की गप्प बसणं असा आहे. चूक बोललेल्या पोराला सुधारता येतं, गप्प बसलेल्याचं काय सुधारणार? फक्त मधला टप्पा, फळ्यावरची ती चार वाक्यं आणि दुसरी फेरी, तो गाळला तर मात्र प्रभूंची भीती खरी ठरेल. नुसतं 'चला बोला' म्हणून खुर्चीत बसणाऱ्यांसाठी ही पद्धत नाही.

आणि यावर परीक्षा घेता येत नाही, मार्क कसे देणार, असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी परदेशी जाणाऱ्या नर्सना विचारावं. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात काम करायला ज्या परीक्षा चालतात त्यातली ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा, तिची बोलण्याची परीक्षा म्हणजे मुख्यतः दोन रोल-प्लेच असतात. कार्ड हातात मिळतं, तीन मिनिटं तयारीला, मग पाचेक मिनिटं समोरचा माणूस पेशंट किंवा नातेवाईक होऊन बोलतो, कधी घाबरलेला, कधी औषध घ्यायला तयार नसलेला. भाषेबरोबर पेशंटचं ऐकून घेतलं का, समजावून सांगितलं का, यालाही मार्क असतात. नर्सच्या नोकरीचा निर्णय ज्या परीक्षेवर होतो ती अशी घेता येते, तर दहावीचे दहा मार्क का नाही?

बोर्डाने करायचं फार नाही. शे-दोनशे कार्डं तयार करायची, मराठी-इंग्रजी दोन्हीत सूचना, जगजाहीर करून टाकायची, पेपरफुटीची भानगडच नको, कारण कार्ड माहीत असलं तरी समोरचा काय म्हणेल हे माहीत नसतं. परीक्षेच्या दिवशी चिठ्ठी काढून कार्ड आणि चिठ्ठी काढूनच जोडीदार. मार्क कशाला? काम झालं का, समजलं नाही तेव्हा परत विचारलं का, समोरच्याच्या वाक्याला उत्तर दिलं की आपलंच पुढे रेटलं, आणि मग शेवटी उच्चार-व्याकरण. घेणारे शिक्षक शेजारच्या शाळेचे, अदलाबदलीने. भत्त्याचा प्रश्न निघेल, निघू दे, तो कशाला निघत नाही.

राहिला शिक्षकांचा प्रश्न, आणि इथे उगाच शिक्षकांना झोडपण्यात अर्थ नाही. मराठी माध्यमात इंग्रजी शिकवणाऱ्या कितीतरी जणांना स्वतःला बोलायची सवय नाही, कारण त्यांनाही कुणी बोलू दिलं नव्हतं, मग ते पाठ केलेल्या संवादाला धरून राहतात, त्यात अनपेक्षित काही येत नाही. राज्यात 'तेजस' नावाचा उपक्रम 2016 साली सुरू झाला होता, सरकार, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टचा, त्यात प्राथमिकच्या शिक्षकांनी आपापल्या भागात गट करून भेटायचं, इंग्रजीत बोलायचं, वर्गात काय केलं ते सांगायचं अशी कल्पना होती. कल्पना बरोबर होती. आजही केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला भरते, परिपत्रकांचं वाचन होतं, ऑनलाईन माहिती कुणाची भरायची राहिली याची यादी होते. त्यातला अर्धा तास काढा आणि दोन कार्डं वाटा. एकावर, तुमच्या मुलाला इंग्रजीच्या तोंडीत सहाच मार्क पडलेत, तुम्ही दिल्लीहून बदलून आलेले पालक आहात, मराठी येत नाही आणि तुम्ही भडकलेले आहात. दुसऱ्यावर, ते मार्क तुम्ही दिलेत.